वर्षाचा मसाला

शशिधरने मिनीबसच्या दारात उभं राहून तिसऱ्यांदा माणसं मोजली. बोट हवेत, ओठ हलते, मधेच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. सुप्रभाने एकदाच मोजली, तीही स्वेटरची बटणं लावता लावता. चौदा. त्यात ड्यूटी बदलून आलेला मिहीर धरून.

"काय डॉक्टर," ती मागे वळून म्हणाली, "आजही ड्यूटी बदलून मिळाली वाटतं?"

"मिळाली ना, काकू."

"नशीब काढलंस बाबा. पंधरा ऑगस्टला मिळाली, गणपतीला मिळाली, आज मिळाली. आमच्या ह्यांना मुलाच्या मुंजीलासुद्धा मिळाली नव्हती. मातृभोजनाला माता हजर, पिता ऑपरेशन थिएटरमध्ये."

बस हसली. मिहीरही हसला. त्याची बायको वरदा तेवढी खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मांडीवरची कापडी पिशवी तिने दोन्ही हातांनी जवळ ओढली. पिशवीत काहीतरी जड होतं. सुप्रभाने तेही टिपलं.

सुप्रभाची एक वही होती. कागदाची नव्हे; कागदाची वही कोणाच्या तरी हाती लागते. कार्डिफच्या मराठी मंडळात कोण कोणाकडे किती वेळा जेवलं आणि त्यांतल्या कोणी उलट बोलावलं, कोणाच्या डोहाळजेवणाला कोणी दुकानातला केक नेऊन वेळ मारून नेली, कोणाची भांडणं कोणत्या संक्रांतीला मिटली, हे सगळं तिच्या डोक्यात तारीखवार असे. ती चहाडी करत नसे. नोंद ठेवी, आणि अधूनमधून त्या नोंदीची टाचणी हसत हसत कोणाला तरी टोची. बत्तीस वर्षं ती डॉक्टरची बायको होती; ऑगस्टअखेर तिचे यजमान ज्ञानेश्वर हॉस्पिटलातून निवृत्त झाले, पण ती अजून कामावर होती. ज्युनियर डॉक्टरला दोन महिन्यांत तीनदा मागेल तेव्हा सुट्टी मिळत नाही, हे तिला सांगायला कोणा कन्सल्टंटची गरज नव्हती.

सहल शशिधरची होती. तो मंडळाचा सेक्रेटरी, मूळचा कॉम्प्युटरवाला. त्याने ईमेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रोमन अवशेष आणि ज्वालामुखी, गाइडसह, एका दिवसात!' ज्वालामुखीच्या नावाने चार नावं जास्त आली होती.

कार्लियनला रोमन स्नानगृहाच्या अवशेषांशी गाइड थांबला. मिस्टर प्रॉसर नाव, भूगोलाचा निवृत्त मास्तर, हातात छत्री आणि ऊन असूनही ती उघडण्याची तयारी. त्याने एका दगडी गटाराकडे छत्री रोखली. इथे रोमन शिपाई गरम पाण्यात डुंबायचे, तो सांगत होता. वाफेने अंगठ्यांचा डिंक सुटायचा आणि कोरीव खडे पाण्याबरोबर गटारात जायचे. कोणाला पत्ता नाही. उत्खननात गाळ चाळला तेव्हा ऐंशीच्या वर खडे निघाले. शिवाय चघळलेली हाडं, लहान मुलांचे दुधाचे दात.

"बघा," सुप्रभा शशिधरला म्हणाली, "अठराशे वर्षांनीसुद्धा सापडतं. तू मंडळाचा माइक हरवलास तो तर गेल्याच वर्षीचा."

"काकू, तो माइक तुम्ही मला मरेपर्यंत ऐकवणार."

"त्याच्यानंतरही. तेराव्याला."

हशा पिकला. मिहीर कठड्यावर ओणवून गटारात बघत होता. उकडलं म्हणून त्याने बाह्या वर केल्या होत्या. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटांवर, एक आडवा तपकिरी चट्टा होता. त्याच्या वर दुसरा, ताजा, लालसर. सरळ, पट्टीने आखल्यासारखे. सुप्रभाने बत्तीस वर्षं इंग्रजी ओव्हन वापरला होता. तापलेल्या ट्रेच्या कडेचा चटका कसा उमटतो ते तिला ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या वॉर्डात ओव्हन नसतो.

मिहीरने वर पाहिलं. तिची नजर कुठे आहे ते त्याला दिसलं. त्याने सावकाश, घाई न दाखवता, बाह्या खाली केल्या आणि बटणं लावली.

सुप्रभा गटाराकडे बघू लागली.

जेवण ॲम्फीथिएटरच्या उतारावर. एके काळी जिथे माणसं आणि जनावरं झुंजत, तिथे आता कापलेल्या गवतावर सतरंज्या पसरल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचं लोणचं. मिहीर वाकून सगळ्यांना पाणी देत होता. ज्ञानेश्वरांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"चांगला मुलगा आहे," ते सुप्रभाला म्हणाले. "बाकीची पोरं बघ, भेटली की पहिलं वाक्य, सर, एक काम होतं. हा कधी काही मागत नाही."

सुप्रभाने त्यांच्या पानात पुरी वाढली.

"अगं, पुरे. दोन झाल्या."

"खा हो. डोंगर चढायचाय."

मिहीरचा फोन जूनमध्ये आला होता. एकदा नव्हे, तीनदा. त्या वसंतात नियम बदलले होते. बाहेरच्या देशातल्या डॉक्टरला नोकरी देण्याआधी युरोपातला कोणी मिळत नाही हे हॉस्पिटलने दाखवायचं होतं. तेव्हापासून घरचा फोन शांत म्हणून बसला नाही. अकोल्याहून कोणाचा भाचा, लातूरहून कोणाच्या वर्गमित्राचा मुलगा. ज्ञानेश्वरांना नाही म्हणता येत नसे. एकेकासाठी ते पत्रं लिहीत, रविवारचे रविवार ओळखीच्यांना फोन करत, आणि काही जमलं नाही की दोन दोन दिवस जेवणावरून लक्ष उडे. त्यांच्या बायपासला दोनच वर्षं झाली होती. मग सुप्रभाने फोन आपल्या ताब्यात घेतला. "डॉक्टर घरी नाहीत. सांगते हं." फोनशेजारी डायरी असे. तीत ती दातांच्या डॉक्टरचा निरोप लिही, खिडक्या पुसणाऱ्याचा लिही, वेळेसकट. नोकरी मागणाऱ्या मुलांचे निरोप लिहीत नसे.

मिहीरने पहिल्यांदा केला तेव्हा ज्ञानेश्वर वर्तमानपत्र वाचत होते. दुसऱ्यांदा टीव्हीवर वर्ल्ड कपचा सामना चालू होता. तिसऱ्यांदा मंगळवार होता, संध्याकाळचे पावणेआठ, आणि ते बागेत वालाच्या वेलांना काठ्या लावत होते; खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती.

"काकू, फक्त पाच मिनिटं हवी होती सरांची," मिहीर म्हणाला होता.

"सांगते हं," ती म्हणाली होती.

चौथा फोन आला नाही. तो आला नाही याचं तिला बरं वाटलं होतं. ऑगस्टात मिहीर मंडळाच्या कार्यक्रमाला आला, वाकून नमस्कार केला, ड्यूटी बदलून आलो म्हणाला. म्हणजे नोकरी टिकली, असं तिने धरलं आणि ते पान मिटलं.

ॲबरगेव्हेनीच्या पुढे डोंगर दिसला तेव्हा बसमधून "आऽऽ" उठलं. खरोखरच चित्रातल्या ज्वालामुखीसारखा. चहूबाजूंनी निमुळता होत गेलेला, माथा कापल्यासारखा सपाट. शशिधर सीटवरून उठून अभिमानाने उभा राहिला, जणू त्यानेच तो रचला होता. गाडीतळावर उतरल्यावर मिस्टर प्रॉसरने छत्री टेकली आणि घसा खाकरला. हा ज्वालामुखी नाही, तो म्हणाला. कधीच नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला तसं वाटतं. हा तांबडा वालुकाश्म, जुन्या नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आणि गाळाचा. आकार तेवढा ज्वालामुखीचा.

क्षणभर सगळे शशिधरकडे बघत राहिले.

"मग लाव्हा नाही आहे?" त्याची दहा वर्षांची तनया म्हणाली. "बाबा, तू म्हणाला लाव्हा होती."

"शशिधर," ज्ञानेश्वर म्हणाले, "अरे, मी साताऱ्याचा. आमच्या घराची पायरीसुद्धा लाव्हारसाची. काळा पत्थर म्हणजे दुसरं काय? जन्मभर ज्वालामुखीवर बसून पोहे खाल्ले, आणि तू मला तो बघायला वेल्समध्ये आणतोस, तोही नकली!"

"काका, दिसतो तर तसा!"

"दिसायला काय, सगळेच दिसतात," सुप्रभा म्हणाली. बोलून झाल्यावर तिला मिहीरकडे बघावंसं वाटलं नाही.

माणसं चढायला लागली. सुप्रभाचा गुडघा चढणीचा नव्हता. गाडीतळापासून थोडं वर एक बाक होतं, तिथवर ती गेली आणि बसली. वरदा तिच्यामागून आली.

"तू जा की वर. तरुण पोरगी."

"बसते ना तुमच्याजवळ. माझं तुमच्याकडे एक काम होतं."

एक काम होतं. सुप्रभाची पाठ आपोआप ताठ झाली.

वरदाने पिशवीतून डबा काढला. पितळी कडीचा स्टीलचा डबा, झाकणावर सुप्रभाचं नाव कोरलेला. गणपतीच्या दिवशी उरलेला मसालेभात तिनेच त्यात भरून दिला होता.

"तुमचा डबा राहिला होता माझ्याकडे."

"एवढंच? मला वाटलं काय बाई! विसरले होते मी." ती विसरली नव्हती. महिना झाला होता.

डबा हातात घेतला तर हात खाली गेला. रिकामा डबा परत करायचा नाही हे पोरीला आईने शिकवलेलं दिसत होतं. पण त्यासाठी चार लाडू पुरतात, मूठभर खोबऱ्याच्या वड्या पुरतात. सुप्रभाने कडी काढली. काळा मसाला होता. वऱ्हाडी, तेलकट काळा, गच्च दाबून काठोकाठ भरलेला. वर हिंगाचे चार खडे ठेवले होते, कीड लागू नये म्हणून. खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास नाकात गेला.

"अगं, हे काय! मला पळीभर पुरे होता."

"असू द्या ना. आईने पाठवलेला. तुम्हाला आवडला होता त्या दिवशी भाजीतला."

"आणि तू काय वापरशील?"

"आहे ना घरी."

सुप्रभाने डबा मांडीवर ठेवला. मसाला उन्हाळ्यात कुटतात. मिरच्या वाळवतात, एकेक जिन्नस वेगळा भाजतात, आणि तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवतात. परदेशातल्या लेकीसाठी आई तो दुहेरी पिशवीत बांधून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातापाया पडून पाठवते. ती पिशवी मे महिन्यात वरदाच्या हाती आली होती. कोणाबरोबर आली तेही वहीत होतं. आता सप्टेंबर. आठ महिन्यांचा मसाला उरला असताना कोणी बाई तो डब्यात दाबून दुसऱ्याच्या हाती देत नाही. देते ती एकाच वेळी.

"कधीचं विमान आहे?" सुप्रभाने विचारलं.

वरदा समोरच्या दरीकडे बघत राहिली. खाली नदीचं वळण चमकत होतं. मग तिचा चेहरा हळूहळू मोडला, पण आवाज नाही फुटला.

"परवा."

"आणि नोकरी?"

"ऑगस्टातच संपली. सहा महिन्यांचीच होती. त्याच्यानंतर कुठे बोलावणंच नाही. दोनशे अर्ज केले, काकू. पिझ्झाच्या दुकानात कामाला जाऊन राहिला तेव्हापासून. घरून निघताना बॅगेत स्टेथोस्कोप ठेवतो. मी म्हटलं, तिथे कशाला? तर म्हणे, सवय मोडायला नको." तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "प्लीज, कोणाला सांगू नका. तो म्हणाला, एक दिवस सगळ्यांत जाऊन येऊ, आणि मग गुपचूप जाऊ. आजच्या दिवस त्याला डॉक्टर राहू द्या."

सुप्रभाने मान हलवली. सकाळपासून आपण त्याला कितीदा डॉक्टर म्हणालो, ते तिने मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं.

"मला राग त्याचा नाही येत नोकरीवरून," वरदा म्हणाली. "ती तर कोणाचीच नाही राहिली. पण काकू, मी जूनमध्ये त्याच्या पाया पडले. म्हटलं, सरांना एक फोन कर. सर नाही म्हणणार नाहीत. तर म्हणे, केला नाही, मला लाज वाटते मागायला. एक फोन! मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुझ्या लाजेपायी आपण चाललो परत. पंधरा दिवस धड बोलत नव्हते त्याच्याशी. अजूनही…" ती थांबली. "अजूनही मनातून जात नाही."

वर, चढणीवर, माणसं ठिपक्यांएवढी झाली होती. एक ठिपका दुसऱ्याला हात देऊन वर घेत होता. तो दुसरा ज्ञानेश्वरांसारखा दिसत होता.

"केला नाही म्हणाला?" सुप्रभाने विचारलं.

"हो."

"असं म्हणाला."

"हो ना. का?"

सुप्रभाने डब्याची कडी लावली. ती नीट बसली नाही. पुन्हा काढून लावली. का लपवलं असेल त्याने? हाकलून दिल्याची लाज? की बायकोला या परक्या गावात जाऊन बसायला जे एक घर होतं, ते तिच्या मनातून उतरू नये म्हणून? दोन्हींपैकी काय धरावं ते तिला ठरवता येईना, आणि ठरवता न येण्याची तिला सवय नव्हती.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली. "बसमध्ये बसू या." वरदाने डबा पुन्हा कापडी पिशवीत घातला आणि पिशवीच तिच्या हाती दिली.

परतीच्या वाटेवर बस जडावली होती. तनया बापाच्या खांद्यावर झोपली. कोणीतरी भेंड्या सुरू केल्या, त्या दुसऱ्या अक्षरालाच विरल्या. मिहीर आणि वरदा ज्ञानेश्वरांच्या पुढच्या सीटवर होते. मिहीरच्या मानेवर वाऱ्याने उमटलेला लाल पट्टा दिसत होता. ज्ञानेश्वर खुशीत होते. माथ्यापर्यंत गेले होते, बायपासनंतर पहिल्यांदा.

"ह्यानेच नेलं मला," ते म्हणाले. "दर पन्नास पावलांवर थांबवायचा. फुलं बघू म्हणायचा, मेंढ्या बघू म्हणायचा. नाडी बघतोय ते मला कळत नव्हतं काय?" ते पुढे वाकले. "मिहीर, तुला सांगतो, जूनमध्ये माझ्या विभागात एक जागा होती. दोनदा जाहिरात दिली, माणूस मिळेना. म्हणजे नव्या नियमातसुद्धा तुला घेता आलं असतं. मला वाटलं, तू तुझ्या हॉस्पिटलात पक्का आहेस, कशाला हलवा. मी रिटायर झालो, जागाही गेली. अरे, एक फोन तरी करायचास."

वरदाची मान ताठ झाली. तिने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं.

मिहीर अर्धवट वळला. त्याची नजर ज्ञानेश्वरांवरून सुप्रभावर आली, आणि तिथे क्षणभरच थांबली. त्या नजरेत राग असता तर तिला काही उत्तर देता आलं असतं.

"राहून गेलं, सर," तो म्हणाला.

"राहून गेलं म्हणे! तुम्ही मुलं…"

"केला होता," सुप्रभा म्हणाली.

ज्ञानेश्वर तिच्याकडे बघू लागले.

"त्याने फोन केला होता. तीनदा. पहिल्यांदा तुम्ही पेपर वाचत होतात. दुसऱ्यांदा मॅच चालली होती. तिसरा मंगळवारी, पावणेआठला. तुम्ही बागेत वालाला काठ्या लावत होतात. मला खिडकीतून दिसत होतात." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, निरोप वाचून दाखवावा तसा. "तिन्ही वेळा मी म्हटलं, घरी नाहीत."

बस न्यूपोर्टच्या बोगद्यात शिरली. पिवळे दिवे एकेक करून सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत गेले. ज्ञानेश्वरांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, आणि तो पुन्हा लावला नाही. हातातच धरून बसले.

पुढच्या सीटवर वरदाने काचेवरचं कपाळ उचललं होतं. ती मिहीरकडे बघत होती. बघतच होती. तो खाली, आपल्या बुटांकडे पाहत होता, चोरी पकडली गेल्यासारखा. तिने त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, बाही थोडी वर सरकवली, आणि चट्ट्यावर तळवा ठेवला.

बोगदा संपला. उजेड एकदम आत आला. पुढून शशिधरने मान वळवून विचारलं, "सगळे आहेत ना? चौदा?" सुप्रभाने मोजलं नाही.

बऱ्याच वेळाने मिहीर मागे वळला. सुप्रभाच्या मांडीवर ती कापडी पिशवी होती.

"काकू, जड आहे ती. द्या, खाली ठेवतो."

"असू दे," सुप्रभा म्हणाली, आणि पिशवी तिने दोन्ही हातांनी जवळ ओढली.